सहा जणांचं रक्त

“सहा माणसं,” नेरेइदानं फोन उशीखाली सरकवला. “आता सहा माणसं मी कुठून आणू, दोन्या ओब्दुलिया?”

मी तिच्या पलंगावरची चादर बदलत होते. आधी कूस बदल, मग माणसं शोधू, असं मी म्हटलं. हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्याला ती हसायची.

व्हिलाएर्मोसा शहरातल्या या घरात मी स्वयंपाक करते आणि बायकांवर लक्ष ठेवते. वयाचा मान म्हणून सगळ्या मला ‘दोन्या’ म्हणतात. कामं दोन, पगार एक. घरात नेहमी चार-पाच पोटुशा बायका असतात आणि त्यांच्या पोटातलं एकही मूल त्यांचं नसतं. दूरदेशीच्या कुणाचं तरी मूल त्या पोटात सांभाळतात, बाळंत होतात आणि रिकाम्या हातांनी घरी जातात. बहुतेकींचं सुरळीत पार पडतं. नेरेइदाचंही सातव्या महिन्यापर्यंत सुरळीतच चाललं होतं. मग एका दुपारी ती न्हाणीघरातून भिंत धरून बाहेर आली, आणि तिच्या मागे फरशीवर रक्त होतं.

डॉक्टर म्हणाले, वार खाली सरकून पिशवीच्या तोंडावर बसली आहे आणि पहिल्या बाळंतपणाच्या टाक्यांत रुतली आहे. पोट फाडूनच मूल काढावं लागेल, रक्त खूप जाईल, वेळ आली तर पिशवीही काढावी लागेल. तोवर पलंगावरून उठायचं नाही. नेरेइदानं एवढंच विचारलं, की पिशवी राहील का. तिला स्वतःचं आणखी एक मूल हवं होतं, नव्या घरात. नवं घर म्हणजे ज्याच्यासाठी तिनं हे सगळं केलं ते, पुराचं पाणी चढणार नाही एवढ्या उंच जोत्याचं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टरांच्या ‘बघू’चा अर्थ मला इतक्या वर्षांत चांगला कळतो, आणि त्या दिवशी तो तिलाही कळला.

आमच्याकडे रक्त विकत मिळत नाही. आपल्या माणसांनी आधी येऊन आपल्या नावानं रक्त द्यायचं, तेव्हा कुठे आपल्याला टेबलावर घेतात. नेरेइदासाठी सहा जण लागणार होते. हे घर चालवणाऱ्या ऑफिसच्या इव्होन मॅडमनी धावपळ केली नाही असं मी म्हणणार नाही. पण ड्रायव्हरनं नुकतंच दंडावर गोंदवून घेतलं होतं, त्याला परत पाठवलं. मॅडमच्या स्वतःच्याच अंगात रक्त कमी निघालं. मला वयावरून बाद केलं, आणि घरातल्या बाकीच्या सगळ्या पोटुशा. मुलाचे आईबाप बर्फाच्या देशात. बिचारे फोनवर रडले, म्हणाले, लागेल तेवढे पैसे पाठवतो. चांगली माणसं होती हो. दर रविवारी नेरेइदाला फोन पोटावर ठेवायला सांगून आपल्या भाषेत बाळाला गोष्ट वाचून दाखवायची. ती संपेपर्यंत नेरेइदा छताकडे बघत पडून असायची. तिच्याच पोटापाशी चाललेलं बोलणं, आणि त्यातलं तिला अक्षर कळत नव्हतं.

राहता राहिलं गाव. गावाला एवढंच ठाऊक होतं की नेरेइदा दूर मेरिदा शहरात एका श्रीमंताकडे मोलकरीण आहे. फोनवर ती गळ्यात माझा अॅप्रन अडकवून फक्त चेहरा दाखवायची. पलीकडून तिची सात वर्षांची पोर विचारायची, आई, तू सारखी बसलेलीच का असतेस?

उठून जावं तर रक्त जाणार. पडून राहावं तर ऑपरेशनचा दिवस जवळ येणार, आणि रक्तावाचून ऑपरेशन करायला कुणी तयार नाही. खरं सांगावं तर आई पुन्हा दारात उभी करणार नाही. न सांगावं तर पोर आईवाचून राहणार. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली. जेवणाचं ताट मी जसं नेलं तसं परत आणलं. मला तिची कीव येत होती आणि रागही येत होता, कारण करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आईला सांगते, पोटात गाठ झालीये. मेरिदाहून इथे व्हिलाएर्मोसाच्या इस्पितळात आणलंय.”

मी म्हटलं, सांग. आणि रक्त देऊन परस्पर परत जा म्हणावं, भेटू देत नाहीत.

सांगितलं तिनं. उपाशीपोटी यायचं, तेलकट-तुपकट काही खायचं नाही, हेही दोनदा सांगितलं.

तिची आई दोन्या क्रिसान्ता. गावात नावाजलेली बाई, लग्न असो की मयत, चुलीपाशी हीच. तिनं सहा शेजारी गोळा केले आणि मुलाच्या, एवेलिओच्या, गाडीत बसवले. तो गावाहून बाजारापर्यंत प्रवासी नेतो. आता आमच्या ताबास्को प्रांतात जो तुमच्या कामासाठी घराबाहेर पडतो त्याचं पोट तुमच्यावर. लेकीसाठी रक्त द्यायला निघालेली माणसं उपाशी न्यायची, हे त्या बाईला शोभेना. उपाशी म्हणजे जड नको, एवढाच अर्थ तिनं घेतला, आणि निघताना प्रत्येकाला डुकराच्या चरबीत मळलेले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल खाऊ घातले. तिच्या मते ते हलकं.

रक्तपेढीतल्या मुलीनं नळ्या उजेडात धरल्या तर वर चरबी तरंगत होती. सगळ्यांना बाद केलं आणि उद्या रिकाम्या पोटी या म्हणून सांगितलं. गाव लांब, आजची रात्र काढायची कुठे? इव्होन मॅडम तिथेच होत्या. त्यांना या गाठीच्या थापेचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मोठ्या मनानं सगळ्यांना आमच्या घरी आणलं.

मी दार उघडलं. मागे बैठकीत दोघीजणी पाय वर घेऊन, पोटं पुढे काढून टीव्ही बघत होत्या. दोन्या क्रिसान्तानं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि मला बाजूला सारून सरळ आत गेली. नेरेइदानं चादर गळ्यापर्यंत ओढली होती, पण आठव्या महिन्याचं पोट चादरीखाली लपतं थोडंच.

“ही गाठ?” आई म्हणाली.

नेरेइदानं चादर सोडून दिली.

“कुणाचं?”

“माझं नाही, आई.”

“पोट तुझं आहे ना?”

“पोट माझं. मूल त्या दोघांचं, परदेशातल्या. डॉक्टरांनी ठेवलंय. मी कुणाबरोबर गेले नाही, आई, पोरीची शपथ.”

एवेलिओ दारात उभा होता. मागे शेजाऱ्यांची डोकी.

“लोकांना काय सांगून आणलं मी?” तो म्हणाला. “बहीण मरायला टेकलीये म्हणून आणलं. आणि ही पोट भाड्यानं देऊन पंख्याखाली लोळतीये. चल आई, मी गाडी काढतो.”

“मरायलाच टेकलीये, दादा,” नेरेइदा म्हणाली. “तेवढं खोटं नाही सांगितलं.”

शेजाऱ्यांतला एकजण टोपी घालून बस शोधायला निघून गेला. आई बराच वेळ लेकीच्या पायांकडे बघत राहिली. पाय सुजले होते. मग तिनं मला स्वयंपाकघर विचारलं. मला वाटलं, रडायचं असेल. पण तिनं एक स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवं घालून त्यावर बसली.

“आज माझ्या माणसांना इथून फक्त पाणी मिळेल,” ती म्हणाली. “तुम्ही आग्रह करू नका.”

माझ्या मासळीच्या रश्श्याचा वास घरभर सुटला होता, तरी कुणी मागितला नाही. एवेलिओ बाहेर गाडीतच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पाच शेजाऱ्यांचं रक्त घेतलं. आईला वयावरून नको म्हणाले. सहावं माणूस उरलं नव्हतं. एवेलिओनं बाही वर केली, रक्त दिलं आणि परत गाडीत जाऊन बसला.

मुलगा झाला, धडधाकट. सहाच्या सहा पिशव्या लागल्या, आणि गर्भाची पिशवी काढावी लागली. ती शुद्धीवर आली तेव्हा जवळ मीच होते, म्हणून मलाच सांगावं लागलं. तिनं पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे आता नुसतं घर.”

बर्फाच्या देशातले दोघं आले. त्यांनी दोन्या क्रिसान्ताला मिठी मारली, ती हात खाली सोडून उभी राहिली. बाळ बघता का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. दोन दिवसांत ते बाळ घेऊन गेले. नेरेइदाला दूध आलं. ते आटवायच्या गोळ्या तिला मीच देत होते आणि देताना तिच्याकडे बघत नव्हते.

तिला न्यायला आई आली तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आईनं तिच्या पोटाला घट्ट पट्टा बांधला, पायांत मोजे चढवले, कानांत कापूस घातला, डोकं शालीनं झाकलं. चाळीस दिवस थंड पाण्याला हात नाही, चूल नाही, असं मला ऐकू जाईल अशा बेतानं बजावलं. एवेलिओ गाडीपाशी उभा होता. बहिणीशी तो अजून बोलत नव्हता.

“बाळ नाही, काही नाही, मग हे सोंग कशाला?” तो आईला म्हणाला. “गावात विचारतील. मी काय सांगू?”

“सांग, बाळ त्याच्या घरी गेलं,” दोन्या क्रिसान्ता म्हणाली. “बाळंतीण माझ्या घरी चाललीये.”

बाजाराचा दिवस होता. गाडी माणसांनी आणि टोपल्यांनी भरलेली, सगळे घामानं निथळत होते. नेरेइदाला मधल्या बाकावर बसवलं. खिडकीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या कानांतला कापूस पाहिला, हॅटनं वारा घ्यायचं थांबवलं आणि आपल्या बाजूची काच ओढून घेतली. मग मागच्या बाईनं घेतली, मग तिच्यापुढच्यानं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या उकाड्यात ती सगळी माणसं काचा लावून बसली.

एवेलिओची काच तेवढी उघडी होती. त्यानं गाडी सुरू केली, आरशात एकदा मागे पाहिलं, बाहेर काढलेलं कोपर आत घेतलं आणि काच वर चढवली.