सौनातल्या बाकाची किळस

मी एक जुना बाक आहे. दूर उत्तरेकडच्या, बर्फाळ तांपेरे शहरातल्या एका इमारतीच्या तळघरात, सौनाच्या वरच्या पायरीवर मला ठोकले आहे. सौना म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून, उघडे बसून घाम गाळायची खोली. उघडे म्हणजे पूर्ण उघडे, मित्रांनो. तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता. मला ती सोय नाही.

माझे लाकूड बिनगाठीचे आहे, कारण गाठ तापली की बुडाला चटका बसतो. मला तासून झाल्यावर सुताराने हात फिरवला आणि म्हणाला, "रेशीम आहे, रेशीम." तो हात स्वच्छ होता. तसे काही माझ्यावर पुन्हा आले नाही.

शुक्रवारी पुरुषांची पाळी असे. म्हातारा ताइस्तो, बसचालक उर्पो आणि नवा भाडेकरू यार्क्को. भट्टीच्या दगडांवर ते सॉसेज भाजत. त्याला ही मंडळी मक्कारा म्हणतात, आणि मला हे नाव अगदी योग्य वाटते. घाम, बिअर, मोहरी आणि मक्काराची चरबी, मी सगळे प्यायलो. लाकडाला नाही म्हणता येत नाही.

उर्पो दिवसभर बसून बस चालवी आणि संध्याकाळी बसून खाई. त्याचे पोट त्याच्या मांडीवर बसे आणि दोघे मिळून माझ्यावर. त्याच्या पाठीवर, कोपरांवर लाल चट्टे होते. त्यांचे पापुद्रे खोबऱ्याच्या किसासारखे माझ्यावर पडत आणि चरबीत भिजत. मित्रांनो, जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

एकदा यार्क्को म्हणाला, "काय रे, हे लागट आहे का? मलाही होईल?"

"नाही. सोरायसिस आहे."

"मग तुझा बर्फ माझ्याकडे का पडतोय?"

उर्पो हसला. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. तो एकटा राही. आठवड्यात त्याच्याशी तिकिटाव्यतिरिक्त कोणी बोले ते इथेच. आता तो सगळे गेल्यावर, निवत्या भट्टीपाशी येऊन बसू लागला. गार सौना म्हणजे नुसते ओले कपाट. मला त्याचीही किळस आली.

ताइस्तोने त्याला तिथे गाठले.

"इथे काय अंडी उबवतोयस?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटावरची चरबी नुसती पडून नसते. आतून जाळ घालते. तो कातडीवर निघतो."

"म्हणजे भट्टी पोटात घेऊन हिंडतोस. बरं होणार का?"

"पार जाणार नाही म्हणाल्या. पण वजन उतरलं, दारू सुटली, तर औषधाला जोर येईल."

"आणि मक्कारा?"

"तो पण सुटला."

ताइस्तो उठून ताठ उभा राहिला. इथे मृत्यूची बातमीही इतकी गंभीरपणे घेत नाहीत. मग म्हणाला, "सलगम भाजू."

आणि भाजला. सलगमाला ओल्या मोज्यांचा वास येतो हे मला तेव्हा कळले. बरेच महिने, बाकीचे गेल्यावर, मोजे भाजले गेले.

मग एका शुक्रवारी ऐन पाळीत दार उघडले. उर्पो. पोट आता मांडीपर्यंत पोचत नव्हते. चट्टे फिके होते, पण होते. तो दारातच उभा राहिला.

"नक्की लागट नाही ना?" यार्क्कोने विचारले.

"मूर्खपणा लागट असतो," ताइस्तो म्हणाला. "तरी तुझ्याशेजारी बसतोच ना मी?"

यार्क्को टॉवेल न अंथरताच बसला होता. घामाने तो मला चिकटला होता. तो सरकला तेव्हा चर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. इतका किळसवाणा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पण उर्पोला जागा झाली. तो बसला.

मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. पोटात जाळ होईल इतके खाऊ नका. टॉवेल अंथरा. आणि कुणाच्या कातडीची किळस आली, तर ती मला येऊ द्या. मला सवय आहे. तुम्ही फक्त सरकून बसा.