पौष्टिक खळ

"जगातल्या प्रत्येक बालकाच्या उज्ज्वल भवितव्याचा सूर्य आज या भोईवाड्यातून उगवतो आहे!" असं कालिंदीबाई रेगे यांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्या भवितव्यापैकी एकानं सतरंजीवर शू केली. उगवत्या सूर्याला उचलून मोरीवर नेण्यात आलं.

ही बालवाडीच्या उद्घाटनाची सभा. साल सत्तावन्न. कालिंदीबाई गिरगावच्या. सातासमुद्रापलीकडच्या एका बालविकास संस्थेनं त्यांना मुंबईच्या कामावर नेमलं होतं. योजना सोपी होती. पाच वर्षांखालच्या पोरांना रोज पौष्टिक पिठाची पेज पाजायची, त्यांच्याशी खेळायचं, बोलायचं, गाणी म्हणायची आणि दर महिन्याला वजन करायचं. भोईवाड्यात वजनं वाढली की हीच योजना आफ्रिकेत, ब्रह्मदेशात, जिथे म्हणून पोरं आहेत तिथे न्यायची. म्हणजे साऱ्या जगाचं लक्ष भोईवाड्याकडे लागलं होतं. जगाला ते अजून कळवलेलं नव्हतं, इतकंच.

बालवाडीवर देखरेख चाळ कमिटीचे सेक्रेटरी नाना घाडी यांची. नाना गिरणीत साचेखात्यात, मूळचे मालवणकडचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव द्यायची त्यांची तयारी होती. पण जीव कुणी मागत नसल्यामुळे त्यांच्याकडे पोस्टरं चिकटवायचं काम दिलं होतं. पोरांना सांभाळायला होती सुंदराबाई कदम. नवरा गेलेली, मागच्या चाळीत राहणारी, वर्षापूर्वी सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. रडकं पोर तिच्याकडे दिलं की ते गाणं म्हणतच परत यायचं. पेज ढवळायला तिनं स्वतःची डवली आणली होती. करवंटीला बांबूचा दांडा लावलेली, आईनं गावाहून धाडलेली. पिठाचा डबा बालवाडीच्या खोलीत असे. खोलीला किल्ल्या दोन. एक नानांकडे, एक सुंदराबाईकडे.

कामगार मैदानावरच्या सभेच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. पोस्टरं छापून आली, बादली आली, माणसं आली, आणि खळ शिजवायला मैदा नाही. वाण्याचं दुकान बंद. नानांनी खिशातली किल्ली चाचपली.

"एक वाटीभर घेतलं तर काय होतंय?" ते स्वतःलाच म्हणाले. "आज पोरांनी पेज जरा पातळ प्यायली, तर उद्या त्यांना आख्खं राज्य मिळतंय. मुंबईसकट!"

स्वतःशीच बोलत असल्यामुळे समोरून विरोध झाला नाही. नानांनी पीठ घेतलं. ढवळायला काही दिसेना म्हणून डवलीही घेतली.

खळ अशी झाली की तशी भोईवाड्यात कधी झाली नव्हती. परदेशी पीठ, त्यात शेंगदाण्याचं सत्त्व. पोस्टर एकदा बसलं की भिंत पडेल पण पोस्टर निघणार नाही. लालबागची पोरं विचारायला आली, "नाना, मैदा कुठला हो वापरता?" नाना नुसतं हसले. नंतर सभा होत राहिल्या, वाटीचं पातेलं झालं, आणि डवली बादलीतच राहायला गेली.

या सगळ्याचा खरा फायदा झाला तो चाळीतल्या कुशाबाच्या बकरीला. ती रोज सकाळी उठून भिंती चाटायची. मधल्या वेळात 'झालाच पाहिजे' मधला 'पाहिजे' खायची. बघता बघता तिचं अंग असं भरलं की कुशाबा तिला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधू लागला.

पोरांची वजनं मात्र जिथल्या तिथे.

"हे असं कसं?" वजनकाट्यापाशी उभ्या राहून कालिंदीबाईंनी विचारलं. "पीठ संपतंय आणि मुलं भरत नाहीत?"

"डब्यात पीठच कमी असतं बाई," सुंदराबाई म्हणाली. ती लाटण्यानं पेज ढवळत होती. "सगळ्यांना पुरावी म्हणून मी पाणी वाढवते."

"कमी असतं म्हणजे? जातं कुठे?"

सुंदराबाई पेज ढवळत राहिली. नाना छताकडे बघू लागले. किल्ल्या दोन होत्या, पण संशयानं नानांकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तो थेट मागच्या चाळीकडे निघाला; तो रस्ता त्याच्या पायाखालचा होता. संध्याकाळपर्यंत नळावर बायका बोलू लागल्या. "घरात दोन पोरं आहेत ना तिच्या. मग जाणार कुठे पीठ?"

कालिंदीबाईंनी नानांना बाजूला घेतलं. "पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब येताहेत. त्यांच्यासमोर शोभा नको. ते येऊन गेले की दुसरी बाई बघू या."

नाना "बरं" म्हणाले. म्हणाले खरे, पण ते 'बरं' घशातच चिकटून बसलं. खळीसारखा.

त्या दिवसापासून नानांना पेज गिळेना. घरी बायकोनं उकड्या तांदळाची पेज वाढली की त्यांना ताटात पोस्टर दिसायचं. भिंतीसमोरून जाताना ते मान खाली घालायचे. उरलेलं पीठ डब्यातच राहावं म्हणून आता ते स्वतःच्या घरातली कणीक खळीला नेऊ लागले, आणि तिकडे पोस्टरं गळून पडू लागली. पोरांसाठी त्यांनी केळी नेली. तीन वर्षांची चंपा केळं घेऊन सरळ त्यांच्या मांडीवर चढली. नानांनी तिला उचललं आणि तसेच उभे राहिले. पोर पोस्टरांच्या गठ्ठ्यापेक्षा हलकी होती.

साहेब आले त्या दिवशी पोरांनी गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या, साहेबांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. साहेब खूश. मग काट्याकडे बघून त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. कालिंदीबाईंनी सुंदराबाईकडे पाहिलं. सुंदराबाईनं पदर खोचला आणि ती मान वर करून उभी राहिली.

"पीठ मी घेतलंय," नाना म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी! या हातानं. खळ केली त्याची. पोस्टरांची. सुंदराबाईचा काय एक संबंध नाय."

कालिंदीबाईंचे डोळे भरून आले. "नाना! एका गरीब बाईची नोकरी वाचावी म्हणून केवढा हा मोठेपणा!"

"अहो मोठेपणा कसला? चोरी केलीय मी!"

"बघा, अजूनही हट्ट सोडत नाहीत," त्या जमलेल्यांना म्हणाल्या. कुणीतरी टाळी वाजवली. टाळीला टाळी लागली.

"अरे, टाळ्या नका रे वाजवू!" नाना कळवळून ओरडले. "चला माझ्याबरोबर, दाखवतो!" आणि साहेबांच्या बाहीला धरून त्यांनी सगळ्यांना भिंतीपाशी ओढत नेलं. तिथे पुरावा आपलं काम मन लावून करत होता. बकरीनं महाराष्ट्र जवळजवळ संपवला होता.

"ही बघा! पोरांचं वजन हिच्या अंगावर गेलंय!"

साहेबांनी बकरीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कौतुकानं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" नानांनी आशेनं विचारलं.

"हिला काय खायला घालता म्हणताहेत," कालिंदीबाई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळून त्यांनी हसत उत्तर दिलं. ते इंग्रजीत होतं, पण त्यात गवत होतं हे नानांनाही कळलं. साहेबांनी बकरीचा फोटो काढला.

निकाल चहाबरोबर लागला. पिठाला उंदीर लागले असणार असं ठरलं. नव्या पिठाचे डबे पाठवायचं ठरलं. बालवाडी चालू ठेवायची ठरली. नानांनी शब्द टाकला म्हणून सुंदराबाईलाही या खेपेला माफ करायचं ठरलं, आणि नानांना एक हार घालण्यात आला. पोरांसाठी आणलेल्या झेंडूतून ऐन वेळी ओवलेला.

सगळे पांगल्यावर नाना हार हातात घेऊन बालवाडीत आले. सुंदराबाई पातेलं घासत होती.

"सुंदराबाई," नाना दारातच थांबले. "मी सांगितलं त्यांना. खरं ते सगळं सांगितलं. कुणी ऐकूनच घेईना. उद्या मी नळावर उभा राहून सांगतो. कामगार मैदानात सांगतो, माईकवरून सांगतो. तुमच्यावर जो डाग..."

"मला माफ केलं म्हणे," सुंदराबाई राख चोळता चोळता म्हणाली. "कशाबद्दल ते काय कुणी सांगितलं नाही."

नानांच्या हातातला हार खाली आला. "तुम्ही म्हणाल ते करतो. सेक्रेटरीपद सोडतो. पोलिसात जातो. काय करू सांगा."

सुंदराबाईनं पातेलं पालथं घातलं, हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"माझी डवली तेवढी बादलीतून काढून द्या नाना," ती म्हणाली. "आणि देताना जरा घासून द्या."