मैद्याच्या पोत्यांमागून

“पोरीचं पाऊल घरात पडलं आणि तिकडे समुद्र अडला,” सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. सून दाराआड पीठ चाळतेय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी गॅसचा सिलिंडर बोलतोय, या घरच्या बेकरीतल्या पोत्यांमागून.

पोलादाचा पत्रा तापवून, वाकवून मला घडवलं. तेव्हापासून लाथा खाणं आणि गडगडत जाणं हेच माझं आयुष्य. गॅस संपत आला की माणसं मला आडवं करून हलवतात, कान लावतात. एरवी ढुंकूनही बघत नाहीत.

हल्ली मात्र माझा मान वाढलाय. माझ्या पोटातला गॅस ज्या चिंचोळ्या समुद्रातून येतो, तिथे दोन देश एकमेकांवर आग ओकतायत. जहाजं नांगर टाकून उभी आहेत. ही बातमी येताच सासऱ्यांनी आम्हा चार भरलेल्या सिलिंडरांना इथे दडवलं, भट्टी विझवली आणि कारागिरांना घरी बसवलं. पावापेक्षा माझ्यात जास्त पैसे सुटतील, म्हणून भाव आणखी चढायची वाट बघतायत. वर गिऱ्हाइकांना सांगतात, गॅसच नाही, काय करणार, लढाई आहे ना. गिऱ्हाइकंही कमी नाहीत. स्वतःच्या पलंगाखाली एकेक लपवून टंचाईच्या नावाने बोटं मोडतात.

पण दोष कुणाचा? नुकत्याच उंबरा ओलांडलेल्या पोरीच्या पायगुणाचा. तोफा डागणाऱ्यांनी बहुधा हिची लग्नपत्रिका बघूनच मुहूर्त काढला असावा.

जहाजं सुटेपर्यंत तिला माहेरी धाडायचं ठरलं. एकदा गेली की कोण कधी आणणार, हे कुणी बोललं नाही. नवरा बूट पुसत बसला. इतकी धूळ त्या बुटांवर कधीच नव्हती.

आज सकाळी सासूबाईंनी तिची बॅग बेकरीच्या दारात आणून ठेवली. दुकानाच्या फळीपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. सुनेने बॅगेकडे पाहिलं नाही. पदर खोचला, एकेक पोतं बाजूला ओढलं आणि मला गडगडवत भट्टीपाशी आणून उभं केलं. सासऱ्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाबांनो, मला जाळायचंच तर पाव भाजायला जाळा, एवढंच माझं मागणं. बाकी ती बोलली, अगदी हळू आवाजात.

“आई, समुद्र माझ्या पायाने अडला असेल. पण भट्टी बाबांच्या हाताने विझलीय. आधी ती पेटवा, मग मी कुठे जायचं ते बोलू.”