थापटलं की सोडायचं

“सोड! थापटलंय तिनं, सोड!”

मॅटच्या कडेच्या खुर्चीवरून बाई ओरडल्या, तेव्हा त्यांची लेक समोरच्या पोरीचा उजवा हात मांड्यांत आवळून उताणी पडली होती. कोपराचा पेच पक्का बसला होता. त्या पोरीचा मोकळा डावा पंजा मॅटवर दोनदा आपटला. पंच नेमके पलीकडे उभे. लेकीच्या अंगाआड तो पंजा त्यांना दिसत नव्हता.

लेकीनं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, मान वळवून आईकडे पाहिलंसुद्धा. आणि आईच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं कंबर आणखी वर उचलली.

कोपर गेलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग पंचांचा हात वर गेला आणि टाळ्या पडल्या.

आता हे असं का, ते समजायला जरा मागं जायला हवं. ऐन उमेदीत बाई देशाकडून ज्युदो खेळत. जगाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचल्या, तिथं समोरचीला बाईंनी घातलेला हाच पेच, तिची हीच थाप. ज्युदोत थापटणं म्हणजे शरण येणं. बाईंनी तत्क्षणी हात सोडला. पण पंचानं थाप पाहिलीच नव्हती, त्यानं लढत थांबवली नाही. शरण आलेली ती उठली, तिनं बाईंनाच आपटलं आणि सोन्याचं पदक गळ्यात घालून गेली. नंतर कुणी विचारलं तर म्हणाली, “छे! मी कशाला थापटतेय?” पंच दुसरीकडे, कॅमेरा आंधळा, आणि देव काही साक्षीला खाली उतरत नाही.

तिथून पुढं बाई म्हणजे गावाची करमणूक. पाहुणे आले की नवरा हटकून म्हणायचा, “हातातलं सोडण्यात हिचा हात कुणी धरणार नाही!” पाहुणे हसायचे. बाई ताटं उचलायच्या. पोर कोपऱ्यात बसून ते हसू ऐकत मोठी झाली.

तरी बाई शिकवायच्या तेच. “थापटलं की सोडायचं. पंच बघो न बघो, वरचा बघतोय.” लेकही इतर मुलींबरोबर मोठ्यानं म्हणायची. आवाज सगळ्यांत खणखणीत तिचाच.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाईंनी तिला गाठलं.

“थापटलेलं कळलं नाही तुला?”

“कळलं की.”

“मग?”

“पंचांनी कुठं पाहिलं?”

“मी पाहिलं ना!”

“तू तेव्हाही पाहिलं होतंस, आई. काय मिळालं? बाबांनी तुला जन्मभर तोंडी लावलं. मला नाही कुणाचं तोंडीलावणं व्हायचं.” मग पट्टा नीट करत म्हणाली, “निवड झाली माझी. परदेशी जायचंय. बरं वाटलं असं खोटं तरी म्हण.”

लेक रीतीप्रमाणे गुरूपुढं वाकली. पाठ ताठ, हात मांड्यांवर, नजर खाली. नाव ठेवायला जागा नाही. बाईंनीच तर गिरवून घेतलं होतं.

तेवढ्यात नवरा दोन्ही हात पसरून आला. “शाब्बास गं वाघिणी! आईवर नाही गेलीस, नशीब माझं!”

लेक खळखळून हसली. अगदी त्या पाहुण्यांसारखी.

बाई वळल्या आणि औषधोपचाराच्या खोलीत गेल्या. कोपर गेलेली ती पोर खाटेवर पडली होती. पावाच्या भट्टीवर मैदा मळायचं तिचं काम; रजा मागून आलेली, सोबतीला कुणी नाही. तोंड पांढरंफटक.

“मावशी, परवा कामावर जाता येईल ना?”

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हात धूत राहिले.

“निखळलंय, आतलंही फाटलंय,” ते हळूच म्हणाले. “आधी जागेवर बसवू. तुम्ही धरा हिला.”

बाईंनी तिचा चांगला हात हातात घेतला. डॉक्टरांनी दुसरा ओढला. पोर किंचाळली नाही. तिची बोटं बाईंच्या मनगटावर पडली. दोनदा.

बाईंनी हात सोडला. जन्माची सवय.

पोरीचा पंजा हवेत चाचपडू लागला. “मावशी... सोडू नका हो.”

बाहेर कर्णा बोलू लागला. विजेतीच्या मातोश्री आणि गुरू, दोन्ही मान एकाच माउलीचे, त्यांनी कृपया मंचावर यावं. कृपया मंचावर यावं.

बाईंनी पोरीचा हात पुन्हा धरला, या खेपेला दोन्ही हातांनी. डॉक्टरांनी ओढलं. पोर थापटत राहिली, थापटत राहिली, आणि बाईंनी काही तो सोडला नाही.