खोक्यातला रिकामा खळगा

यशराजनं नवं हेल्मेट माझ्यापुढं ठेवलं तेव्हा मी हेल्मेटाकडं नाही, त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मालक दिवाळीला कापड देतो, लग्नकार्यात आहेर करतो. हेल्मेट, आणि त्याच्या जोडीला नवीकोरी मोटरसायकल, हे कोण कशाला देईल?

"घालून तर बघा, काका," तो म्हणाला. "कानापाशी स्पीकर हाय, तोंडापाशी माईक. मी फोन केला की आपोआप लागतोय. तुमी हात बी लावायचा न्हाय."

"आणि मला उचलायचाच नसला तर?"

"का नसंल?" तो हसला. मी हसलो नाही.

हुपरीत त्यांची चांदीच्या पैंजणांची पेढी आहे. घरोघरी बायामाणसं पैंजण जोडतात, ते पेढीवर येतात, आणि तयार माल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सराफाकडं पोचवायचं काम माझं. यशराजचे वडील गणपतराव यांनी मला या कामावर घेतलं तेव्हा माझे केस काळे होते. माल शर्टाच्या आत, पोटाला बांधलेल्या कापडी पट्ट्यात. वरून बघणाऱ्याला म्हाताऱ्याचं पोट सुटलंय एवढंच दिसावं.

गणपतरावांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. "भाऊसो, कुठनं जाणार ते मला सांगायचं न्हाय. मी जरी इचारलं तरी खोटं सांगायचं. मला म्हाईतच नसलं तर माझ्याकडनं दुसऱ्याला कसं कळंल?" ते कधीकधी मुद्दाम विचारायचे, मी खोटं सांगायचो, आणि ते खूश व्हायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारले. नियम मी चालू ठेवला. काम तेच, माल तोच, मग नियम का बदलावा?

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका पेढीचा माल वाटेत गेला. नेणारा म्हणाला, लुटलं. लोक म्हणाले, ह्यानंच कुणालातरी दिला. खरं काय ते कळलं नाही, पण तेव्हापासून माल नेणाऱ्या माणसाकडं गाव जरा निरखून बघतं. मी चहाच्या टपरीवर गेलो की बोलणं थांबतं. आणि नेमकी त्यानंतरच ही बक्षिसी.

मोटरसायकलचं कारण त्यानं चांगलं शोधलं होतं. माझं डावं मनगट मोडून जोडलेलं आहे, क्लच दाबताना कळ खांद्यापर्यंत जाते. त्यानं आधी स्कूटर दाखवली. मी नको म्हणालो. स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, पोटाचा पट्टा समोरून दिसतो.

"मग ही घ्या. दिसायला मोटरसायकल, पण क्लच न्हाय. गिअर तिचं तीच बदलतीया. आता असल्या बी आल्यात बाजारात."

चालवून बघितली. डाव्या हाताला काही कामच नाही. तो सारखा नसलेली दांडी चाचपत होता, पाय गिअर शोधत होता. माझी जुनी गाडी यायची तर वाटेवरच्या वसगड्यातली कुत्रीसुद्धा आवाज ओळखायची. ही मुकाट चालते. मनगटाला बरं वाटलं, हे खोटं बोलत नाही. पण बरं वाटलं म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

हेल्मेटच्या बाजूला एक मोठं बटण होतं. यशराज म्हणाला, "ह्याला हात लावू नका. पोरं ग्रुपनं गगनबावड्याला फिरायला जात्यात, त्यांच्यासाठी हाय ते. दाबलं की जवळपासच्या दुसऱ्या हेडसेटचा आवाज येतो. तुमाला काय उपयोग न्हाय त्याचा."

खोकं मी घरी नेलं. सोनूबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते उघडून उलटंपालटं केलं.

"जावयाला बी एवढं कोण देत न्हाय," ती म्हणाली. "तुमी काय पोरगी दिलीया का त्यांना?"

"मनगट दुखतंय म्हणून दिलं."

"मनगट काय आज दुखाय लागलं व्हय?" मग तिनं खोक्याच्या आतल्या स्पंजवर बोट ठेवलं. "आणि हे काय? हितं दोन खळगे हायत. एकातलं तुमच्या डोक्यावर हाय. दुसरं कुणाच्या?"

मी खोक्यावरचं चित्र बघितलं. दोन हेल्मेटं, दोन यंत्रं, जोडीचा संच. सार्थक, आमचा मुलगा, तिथंच जेवत होता. तोही त्याच पेढीवर पॉलिशचं काम बघतो. मी त्याला विचारलं, "यशराज मालकाकडं असलं हेल्मेट बघितलंस का?"

"मालक कारनं हिंडत्यात, आबा. त्यांना हेल्मेट कशाला?" तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला. भाकरी अर्धी शिल्लक होती.

त्यानंतरची प्रत्येक खेप मला जड गेली. गावाबाहेर पडलं की कानात यशराज. "काका, कुठं आलाय?" मी पट्टणकोडोलीच्या वाटेवर असलो की सांगायचो, यळगुडाला. यळगुडाकडून एमआयडीसीतनं निघालो की सांगायचो, वसगड्याला. तो "बरं" म्हणायचा. पण ते बरं म्हणायला तो जरा वेळ घ्यायचा. गणपतराव असा वेळ घेत नव्हते.

आरशात मी सारखा मागं बघायचो. एक लाल गाडी दिसायची, मग दिसायची नाही. लाल गाड्या काय कमी आहेत? मुडशिंगीजवळ एकदा मी उसाचा रस पिण्यासाठी थांबलो, आणि लांब झाडाखाली कोणीतरी थांबलं. मी निघालो, तोही निघाला. गणपतरावांच्या काळात असं झालं तर मी सरळ गर्दीत घुसायचो आणि मागच्याला सोडून द्यायचो. पण आता मागचा चोर आहे की मालकाचा माणूस, हेच कळेना. चोर असला तर माल जाणार. मालकाचा असला तर माझं नाव जाणार, आणि या वयात दुसरं नाव कुठनं आणू?

मग मला वाटलं, दुसरं यंत्र कोणाकडं आहे हे यंत्रालाच विचारावं.

थंडीचे दिवस होते, सकाळी दाट धुकं पडलेलं. कारखाने सुरू झालेले, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. पट्टणकोडोली ओलांडली आणि मी ते मोठं बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मला वाटलं, आपलंच चुकलं, सोनूबाईच्या बोलण्यानं डोकं फिरलंय. मग कानात अगदी जवळ माणूस बोलला.

"व्हय मालक. वसगड्याकडंच वळलेत. सांगितलं काय त्यांनी तुमाला? यळगूड? …न्हाय, थांबले न्हाईत कुठं. अजून कुणाला भेटले न्हाईत."

तो फोनवर यशराजशी बोलत होता, आणि त्याच्या यंत्रातनं त्याचं बोलणं माझ्या कानात येत होतं. पण यशराजला मी विसरलोच. आवाज सार्थकचा होता.

माझ्या हाताखालची गाडी चालत राहिली. जुनी असती तर कदाचित बंद पडली असती. हिनं आपणच गिअर उतरवला. 'कुणाला भेटले न्हाईत' हे शब्द मी परत परत ऐकत होतो. माझा मुलगा बघत होता की त्याचा बाप चांदी वाटेत कोणाच्या हातात देतो का.

मी बोललो नाही. ठरवलं, ह्याला इथंच सोडायचं. मी वेग वाढवला. आवाज विरळ झाला, म्हणजे तो मागं पडला. मी सावकाश झालो, आवाज परत भरून आला. यशराजनं माझ्यावर नजर ठेवायला दिलेलं यंत्र मला मागचा किती लांब आहे ते सांगत होतं. खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही वाटली. पुढं गांधीनगरच्या बाजारात शिरायचं, तिथल्या गर्दीत ही मुकी गाडी कोणाला सापडणार?

मी पुन्हा जोर दिला. कानात सार्थक म्हणाला, "धुक्यात दिसंनात. थांबा मालक, जरा पळवतो."

एक वळण संपलं आणि शेतातनं एक ट्रॅक्टर रस्त्यावर येताना दिसला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना कापड. मी कडेनं कसाबसा निघालो. आरशात बघितलं तर दोन्ही ट्रॉल्या रस्ता अडवून आडव्या झाल्या होत्या आणि वर धुकं. वळणाच्या पलीकडनं कोणी येत असेल तर त्याला काहीच दिसणार नव्हतं. आणि येणारा गाडी पळवत होता.

गप्प राहिलो असतो तर मला काय काय कळलं असतं, ते तेव्हा सुचलंच नाही.

"सार्थक! पुढं ट्रॉली आडवी हाय! दाब ब्रेक!"

टायर घासल्याचा आवाज कानात आला. मग काहीच नाही. मी गाडी कडेला लावली. हात पट्ट्यावर गेला, मग तिथनं काढला.

"सार्थक?"

खरखर.

"आबा?" तो दमून बोलत होता. "ट्रॉलीपासनं हातभर हाय. उभा हाय."

"लागलं का?"

"न्हाय."

तो ट्रॉलीच्या पलीकडं, मी अलीकडं. मध्ये ऊस. एकमेकाला दिसत नव्हतो. तोंड दिसत असतं तर एवढं बोलणं झालं नसतं.

"कवापासनं माझ्या मागं हायस?"

"तुमी हे हेल्मेट घालाय लागल्यापासनं. मालकांनी दिलेल्या लाल गाडीवर."

"बाप चोर हाय असं वाटलं व्हय तुला?"

"मालकांनी मोबाईल दाखवला, आबा. तुमच्या गाडीत जीपीएसचं यंत्र बसवलंय. गाडी वसगड्यात, तुमी सांगताय यळगूड. प्रत्येक खेपंला खोटं. मी काय समजायचं?"

मी त्याला गणपतरावांचा नियम सांगितला. मालकालासुद्धा खोटं सांगायचं, हा. ट्रॅक्टरवाला कोणालातरी शिव्या देत होता.

"हे मला कधी बोलला न्हाईसा."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्याकडनं कळलं नसतं का?"

"मालक फोनवर हुतं, आबा. बहुतेक समदं ऐकलंय त्यांनी."

मी राजारामपुरीला गेलो, माल पोचवला आणि सरळ पेढीवर आलो. सार्थक आधीच आला होता. यशराज गादीवर बसला होता. त्यानं मला पाणी दिलं.

"बाबा मला कधी असं काय बोलले न्हाईत, काका."

"बोलले असते तर तो नियम कसला?"

"मी तुमाला चोर म्हटलेलं न्हाय."

"म्हटलं न्हाईसा. माझ्या पोराला म्हणाय लावलंसा."

तो खाली बघत म्हणाला, "झालं ते झालं. तुमीच न्या माल. पण गाडीतलं यंत्र राहणार. आजकाल इमा कंपनीवाले बी मागत्यात. वाट मला दिसली पाहिजे."

"वाट दिसली तर ती वाट बंद झाली," मी म्हणालो. चावी आणि हेल्मेट त्याच्यापुढं ठेवलं. "मी न्हाय नेणार."

यशराजनं मला थांबवलं नाही. एकदाही नाही. तो सार्थककडं वळला. "तू नेणार का?"

सार्थकनं आधी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत होतो.

"नेतो की," तो म्हणाला. "पण ते यंत्र काढून ठेवा, मालक. आणि मी कुठं हाय ते इचारायचं न्हाय."

यशराज "बरं" म्हणाला. चटकन म्हणाला.

घरी येताना सार्थकच्या मागं बसलो. त्यानं अट घातली ती माझ्यासाठी घातली, असं सोनूबाई म्हणते. बाप बाजूला होणार आणि काम त्याच्याकडं येणार, हे त्याचं आणि यशराजचं आधीच ठरलेलं होतं का, ते मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, आणि ते खरं की खोटं हे ओळखायचं माझ्याकडं आता काहीच साधन नाही.