घाटपांडे नावाचा मायावी

रविवारी पावणेतीन वाजले की नीना जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून वरच्या खोलीत नेई आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला मांडून बसे. तीनला खेळ सुरू व्हायचा. पुरुषोत्तमने सांगायचं आणि नीनाने कीबोर्डवरचं बटण दाबायचं, अशी कामाची वाटणी होती. तो "भिंत" म्हणाला की दोनचा आकडा, "जुळा" म्हणाला की चारचा. सत्तरीला टेकलेली बाई दर रविवारी राक्षसांपुढे खोट्या भिंती उभ्या करत बसते, हे एजवेअरच्या बहिणीला कळलं असतं तर ती आठवडाभर हसत बसली असती. म्हणून नीनाने ते तिला सांगितलंच नव्हतं.

पुरुषोत्तमचा सारा जन्म ब्रिस्टलला विमानांच्या पंखांची गणितं करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हा माणूस बागेत टोमॅटो लावील, निदान गराज तरी आवरील, अशी नीनाची भाबडी समजूत होती. तो 'थॉर्नवेल' नावाच्या ऑनलाइन खेळात शिरला तो शिरलाच. तिथे त्याला चार सवंगडी भेटले. वेल्समधला एक निवृत्त मास्तर, गॅरेथ, हा त्यांचा म्होरक्या. नऊ वर्षं दर रविवारी हे पाच जण गप्पा मारत किल्ले लुटत होते आणि त्यांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती.

पहिली सहा वर्षं पुरुषोत्तम खेळात तिरंदाज होता. मग उजवा हात कापायला लागला. पार्किन्सन्स आहे, असं कन्सल्टंटने सांगितलं, आणि हातात चार रंगीत पत्रकं दिली. थरथरत्या हाताने नेम कुठला धरायला! पुरुषोत्तमने तिरंदाज सोडला आणि मायावी घेतला.

मायावी हा जादूगारांतला सगळ्यात बिनकामाचा, असं गॅरेथचं मत होतं. मायावीला कुणाला मारता येत नाही, कुणाची जखम भरता येत नाही. त्याला फक्त भास उभे करता येतात. नसलेली भिंत, नसलेला पूल, एखाद्या मित्राचा हुबेहूब जुळा. राक्षस त्या जुळ्यावर तुटून पडतो आणि तेवढ्यात बाकीचे त्याला मागून कापतात. पण या जादूला घाई नव्हती. आधी डोकं लढवून भास मांडून ठेवायचे आणि वाट बघायची. एक बटण दाबायला दहा सेकंद लागले तरी काही बिघडत नसे. पुरुषोत्तमला ते फार मानवलं. आपल्या जादूगाराचं नाव त्याने 'घाटपांडे' ठेवलं. साताऱ्याच्या शाळेत त्याला गणित शिकवणारे मास्तर ते. नुसते खाकरले की वर्ग चिडीचूप व्हायचा. गॅरेथ त्याला 'घाटपँडी' म्हणे आणि आमच्या घाटपँडीसारखा मायावी अख्ख्या खेळात नाही, असं सगळ्यांना सांगत सुटे.

घरी मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत एकच विषय, त्याची तब्येत. नर्स विचारायची, फिजिओ विचारायचा, ब्रॅकनेलहून मुलगा अपूर्व फोनवर विचारायचा, मंडळाच्या कार्यक्रमात तर लोक रांग लावून विचारायचे. खेळातल्या त्या चौघांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. पुरुषोत्तमचा आवाजही बसत चालला तेव्हा त्याने, माझा माइक बिघडलाय, असं टाइप करून कळवलं होतं आणि तेव्हापासून तो नुसता 'ओके' आणि 'रेडी' पाठवायचा. रविवारचे दोन तास तो आजारी नसायचा. तेवढे दोन तास काय वाटेल ते करून वाचवायचे, हे नीनाने मनाशी पक्कं केलं होतं.

फेब्रुवारीत कंपनीला दुर्बुद्धी सुचली आणि तिने मायावीचे नियम बदलले. भास आता तीन सेकंदांत विरायला लागला. टिकवायचा तर ऐन वेळी, पुन्हा पुन्हा, झटपट बटणं दाबायची. पुरुषोत्तमने कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं, तक्त्यासकट. या जादूवर कोणकोण अवलंबून असू शकतं, हेही त्यात नम्रपणे नमूद केलं. तीन दिवस लागले त्याला ते टाइप करायला. उत्तर दोन मिनिटांत आलं: शूर वीरा, तुझ्या अभिप्रायाबद्दल आभार. सोबत घाटपांडेंना एक जांभळी टोपी भेट. नीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुकान असतं तर काउंटरवर जाऊन तिने चार शब्द सुनावले असते, पण इथे जायचं कुठे आणि बोलायचं कुणाशी?

त्या रविवारी पुरुषोत्तममुळे सगळे तीनदा मेले. गॅरेथ अगदी सांभाळून बोलला. मे महिन्यात काळा किल्ला घ्यायचाय, तेव्हा घाटपँडीने तेवढी एक वेळ बाहेर बसावं का, असं त्याने विचारलं. पुरुषोत्तमने 'ओके' पाठवलं.

"ते काढतील त्याआधी आपणच निघालेलं बरं," तो म्हणाला.

नीनाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "अहो, बोटं माझी घ्या की. तीस वर्षं डिस्पेन्सरीत औषधांची लेबलं टाइप केलीत मी. डोकं तुमचं, बोटं माझी."

"तुला बोअर होईल."

"होऊ दे. तसंही रविवारी टीव्हीवर काय असतं?"

तर अशी ती खुर्ची वर आली. पण पहिल्या दोन रविवारांतच नीनाच्या लक्षात आलं की बोटांनी भागणार नाही. शब्दही वेळेवर येत नव्हता. काय करायचं ते पुरुषोत्तमला कळलेलं असायचं, डोळ्यांत दिसायचं. पण "भिंत" ओठांवर येईपर्यंत राक्षस पलीकडे पोचलेला असायचा. तिसऱ्या रविवारी त्याचे ओठ नुसते हलले आणि नीनाने न राहवून दोन दाबला. भिंत उभी राहिली, राक्षस अडला, गॅरेथ ओरडला, "ब्रिलियंट, घाटपँडी!"

"भिंत," पुरुषोत्तम मागून म्हणाला. मग हसला. "बघितलंस? वेळ साधली."

त्या हसण्यासाठी नीनाने काहीही केलं असतं. मंगळवारी सकाळी तो चर्चच्या हॉलमध्ये व्यायामाला जायचा, तेव्हा ती एकटी बसून सराव करायला लागली. राक्षस कुठून येतात, कुठे वळतात, सगळं पाठ केलं. खरं सांगायचं तर तिला मजाही यायला लागली, आणि त्या मजेची तिला लाजही वाटे. एप्रिल येईतो ती त्याच्या आदेशाच्या दोन पावलं पुढे खेळत होती. तो मागून म्हणायचा "जुळा", म्हणायचा "पूल", आणि प्रत्येक शब्द बरोबर निघायचा. गॅरेथने बाहेर बसण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. आपण नवऱ्याला छान फसवतोय, असं नीनाला वाटत होतं, आणि ते तिला पुण्याचं काम वाटत होतं.

मग एका रविवारी तिचं बोट चुकलं. दोनऐवजी चार दाबला गेला. भिंत हवी तिथे घाटपांडेंचा जुळा जांभळी टोपी घालून उभा राहिला, आणि शेजारून आवाज आला, "जुळा."

नीनाने मान वळवली. पुरुषोत्तम पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता. ती जे बटण दाबेल त्याचं नाव तो मागून घेत होता. कधीपासून, कोण जाणे!

खेळ संपला. खाली येऊन तिने चहा टाकला आणि गॅसपाशी उभी राहून रडली. आपण त्याचा खेळ वाचवायला गेलो आणि त्याच्या हातून तो काढूनच घेतला. आणि हा शहाणा माणूस, मला वाईट वाटू नये म्हणून, आदेश द्यायचं नाटक करत राहिला. पुढच्या रविवारी त्याच्या शब्दाशिवाय एक बटण दाबायचं नाही, असं तिने ठरवलं. त्याला ते सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं, आणि तेवढा धीर तिला झाला नाही.

तो काळ्या किल्ल्याचा रविवार होता. गॅरेथने तीनदा समजावलं: दार उघडलं की पहिली भिंत घाटपँडीची. ती नसली तर आपण अकरा सेकंदांत खलास.

दार उघडलं. नीनाची बोटं बटणांवर तयार होती आणि ती पुरुषोत्तमच्या ओठांकडे बघत होती. पुरुषोत्तम तिच्या बोटांकडे बघत होता. पडद्यावर काय चाललंय ते दोघांनाही दिसत नव्हतं. स्पीकरमधून आरडाओरडा झाला, कुणीतरी शिवी हासडली आणि मग सगळं शांत झालं.

"का थांबलीस?" पुरुषोत्तमने पुटपुटत विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून."

"मला नाही गं येत आता वेळेवर." तो दम घ्यायला थांबला. "चाललं होतं की आपलं. बरं चाललं होतं."

स्पीकरमधून गॅरेथचा आवाज आला. घाटपँडी, हे शेवटचं. तुझं लक्ष नसेल तर सांग, राग नाही, पण आम्ही दुसरा मायावी बघतो. त्याच्या आवाजात राग नव्हता हे खरं. नऊ वर्षं सोबत खेळलेल्या मित्राने आपल्याला हलक्यात घेतलं, याचं वाईट वाटलेलं होतं. आणि ते पुरुषोत्तमला सोसवलं नाही. नीनाने पाहिलं, तो माइकच्या बटणाकडे हात नेत होता. हात तिथे पोचायला वेळ लागला. ती मदतीला गेली नाही. आता कशातच मध्ये पडायचं नाही, असं तिला वाटत होतं.

"गॅरेथ," तो इंग्रजीत म्हणाला. "माझं लक्ष होतं."

"काही ऐकू येत नाही रे. तुझा माइक अजून भंगारच आहे."

पुरुषोत्तम पुढे वाकला, पुन्हा बोलला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी खोलीतल्या खोलीत नीनालाही धड ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा तर नुसती हवाच आली. चौघेही हसले, बिचारे; काय चाललंय ते त्यांना कुठून कळणार! मग पुरुषोत्तमने नीनाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला लगेच कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"हॅलो," ती माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली. "मी त्याची बायको, नीना. त्याचा माइक चांगला आहे."

बाकीचं सांगायला मिनिटही लागलं नाही. हात, आवाज, पार्किन्सन्स, गेली तीन वर्षं. बटणं मीच दाबत होते, आज चूक माझी झाली, हेही तिने सांगितलं. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि फार चांगलं बोलले. गॅरेथच्या वडिलांनाही हेच होतं म्हणे. तो नीनाला विचारू लागला: त्याची तब्येत कशी आहे? जेवतो का नीट? झोप लागते का? मूड कसा असतो? तिघेही मध्ये मध्ये, पुअर थिंग, पुअर थिंग, म्हणत होते.

"तो इथेच आहे," नीना म्हणाली. "माझ्या शेजारी. त्याला सगळं ऐकू येतंय."

"ओह," गॅरेथ म्हणाला. "त्याचं खरं नाव काय?"

तिने सांगितलं. गॅरेथ घसा साफ करून पुढे सरकलेला कळला. मग त्याने एकेक शब्द सुटा करून, मोठ्यांदा, अगदी सावकाश म्हटलं, "हॅलो, पुरुशॉटम! आम्ही सगळे... तुझ्यासोबत... आहोत! कळतंय का तुला?"

पुरुषोत्तमने थरथरतं बोट स्पीकरच्या बटणाकडे केलं. नीनाने आवाज कमी केला. बोट खाली आलं नाही. तिने आणखी कमी केला.