शिवेवर थांबलेली रेघ

अर्धवट काही ठेवणं श्रीदेवीच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्याने उघडी टाकलेली पेनांची टोपणंसुद्धा ती लावत फिरायची आणि ऑफिसातले लोक तिच्या या खोडीची यथेच्छ मजा घ्यायचे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दोन खोल्यांत जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाले. यंदा दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गोऱ्या पाद्र्याचं बाड आलं होतं. त्यात अक्कलकोटकडच्या मिशनच्या मुलखाचा हाताने काढलेला नकाशा होता आणि गावोगावची चित्रं होती.

पाद्री मोठा चिकट गडी असावा. विहिरी, देवळं, चिंचेची झाडं, सगळं त्याने जागच्या जागी काढलं होतं. श्रीदेवी माऊसने ते गिरवत होती, रस्ते काळे, ओढे निळे. शिवाय एक तांबडी रेघ होती. ती एकेक गाव घेत यायची आणि बोरगट्टीच्या शिवेवर थांबायची. बोरगट्टी म्हणजे श्रीदेवीचं माहेर. रेघ गावाच्या नखभर अलीकडेच तुटली होती आणि अशी लोंबती रेघ कॉम्प्युटरला चालायची नाही, तो चूक दाखवायचा. असेल तसंच गिरवा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण पाद्र्याची शाई संपली असेल, असं म्हणून तिने ती रेघ सरळ गावात नेऊन जोडली. चूक मिटली आणि तिला बरं वाटलं.

दुपारी शेजारच्या टेबलावरच्या सिद्धरामने तिला चित्रं दाखवायला बोलावलं. एका चित्रात छोटा लाकडी गाडा होता, वर हिरव्या बांगड्या, लिंबाचे डहाळे, दांड्याला बांधलेली कोंबडी. गाडा सोडून माणसं परतत होती आणि कुणीही मागे बघत नव्हतं. शेवटच्या चित्रात मात्र बोरगट्टीची माणसं काठ्या घेऊन गाड्याच्या वाटेत उभी होती. श्रीदेवीला वाटलं, जत्रेतलं भांडण असेल. सिद्धराम म्हणाला, हा मरीआईचा गाडा. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गाव तो शेजारच्या शिवेत ढकलायचं, शेजारचं गाव त्याच्या पुढच्या. तांबडी रेघ म्हणजे गाड्याची वाट.

श्रीदेवीने वळून आपल्या पडद्यावरच्या तांबड्या रेघेकडे पाहिलं. आपण काय जोडून बसलो हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात, ती स्वतःवरच चिडली. तेवढ्यात फोन वाजला.

तिची आई काशम्मा घाबरली की कानडीत शिरायची. आज पहिला शब्दच कानडी आला, "बंदैती." आली म्हणे. शिवेवर एक गाडा उभा होता, कुणी आणला ठाऊक नाही. पोरं फोनवर फोटो काढत होती. सुट्टीला आजीकडे गेलेल्या श्रीदेवीच्या लेकीने, संस्कृतीने, गाड्यावरच्या दोन बांगड्या काढून हातात घातल्या होत्या. आता तिच्या उलट्या थांबत नव्हत्या, डोळे खोल गेले होते. भाऊ महेश्वर दवाखान्यात न्यायला गाडी बघत होता.

श्रीदेवीने आपण जोडलेला तुकडा पुसला. नकाशा पाद्र्याने काढला होता तसा झाला. तिने फोनवरच विचारलं, आता कसं आहे? पोरगी आता पाणीसुद्धा पोटात ठेवत नव्हती.

"आलेली आई माघारी जात न्हाय गं," काशम्मा म्हणाली. "फुडच्या शिवेत घालावी लागती. पण गाड्याला हात लावायला कुणीच तयार न्हाय."

बोरगट्टीच्या पुढची शीव हालकेरीची. हालकेरीत सिद्धरामची आई केराबाई एकटी राहायची. दर सोमवारी तो तिच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू आणायचा आणि आधी श्रीदेवीपुढे धरायचा. आत्ताही फोनवरचं बोलणं ऐकून तो आपलं काम तसंच टाकून मोटरसायकलची किल्ली शोधत होता.

"चला की ताई, मी सोडतो," तो म्हणाला. "एस्टीची वाट कुटं बघत बसता?"

तो खाली गाडी काढायला गेला. श्रीदेवीला स्वतःची किळस आली, पण हात थांबला नाही. तिने पुसलेला तुकडा पुन्हा जोडला, रेघ बोरगट्टीतून पलीकडे काढली आणि हालकेरीच्या मधोमध नेऊन सोडली. मग सेव्ह केलं.

जिन्यातच काशम्माचा फोन आला. पोरीने पाणी मागितलं होतं आणि ते पोटात टिकलं होतं. गाडासुद्धा शिवेवर दिसत नव्हता. काशम्मा रडत होती, श्रीदेवीही रडली. सिद्धरामला कळलं तेव्हा त्याने रस्त्यातच हात जोडले.

अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"आईचा असल," तो मान वळवून म्हणाला. "ताई, तेवढा घ्या की."

तिने फोन काढला. पडद्यावर केराबाईचं नाव होतं. तिने त्याचा आवाज बंद करून तो मुठीत घट्ट धरला.

"मोबाईल कंपनीचा आहे," ती म्हणाली. "तुम्ही थांबू नका. आधी बोरगट्टी."